लिफ्टनंतर त्याच चाकाचा ब्रेक होज पुन्हा पुन्हा गळतोय: लांबी कुठे चुकते

गाडी उंच केली. स्प्रिंग, शॉकअप, टायर, सगळं मनासारखं झालं. तीन-चार महिने मजेत गेले आणि एक दिवस पुढच्या डाव्या चाकाच्या आत ओल दिसली. होज (चाकाकडे ब्रेकचं तेल नेणारी लवचिक रबरी नळी) बदलला, तेलातली हवा काढली, पेडल कडक झालं. पुन्हा तीन-चार महिन्यांनी तेच चाक, तीच ओल, पेडल थोडं खाली. हे चक्र ज्यांच्या मागे लागलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. होज खराब निघतोय असं वाटतं. बहुतेक वेळा होज चांगलाच असतो, आखूड असतो इतकंच.

माझ्या गाडीला पुढे-मागे सॉलिड एक्सल, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकाच अखंड एक्सलवर. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाट्यांच्या. लिफ्टनंतर पुढचा डावा होज दोनदा गेला. पहिल्यांदा मी मालाला नावं ठेवली, दुसऱ्यांदा बसवणाऱ्याला. तिसरा घालून महिना झाला असेल, शॉकअपचं बुश बदलायचं म्हणून चासी स्टँडवर घेतली. चाकं खाली लोंबत होती. बोल्टला पान्हा लागेना म्हणून स्टीअरिंग शेवटपर्यंत उजवीकडे फिरवलं आणि आत डोकावलो, तर होज कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताठ. बोटाने छेडला तर थरथरला. त्या बाजूचा शॉकअप मात्र अजून बोटभर उघडायचा बाकी होता. म्हणजे एक्सलच्या वजनाचा काही भार त्या रबरी नळीने धरला होता. जमिनीवर उभ्या गाडीत त्याच होजला तळहात जाईल एवढा झोल असायचा, त्यामुळे तिकडे बघायचं कधी सुचलंच नाही.

ओल नेमकी कुठे आहे ते आधी बघा

चाक काढा, होज आणि त्याची दोन्ही टोकं कापडाने कोरडी करा, कोणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा आणि टॉर्च घेऊन बसा. ओल बँजो बोल्टच्या (होज कॅलिपरला, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याच्या वायसरपाशी असेल, तर वायसर जुना वापरलाय किंवा बसणीवर ओरखडा आहे. तिथे लांबीचा प्रश्न नाही. ओल होज जिथे धातूच्या कॉलरमध्ये शिरतो तिथे असेल, तर ताण किंवा मुरगळ यांचा संशय घ्या. कॉलरलगतचं रबर अंगठ्याने हलकं वाकवून बघा. ताण खाल्लेल्या होजवर तिथे बारीक आडव्या भेगा दिसतात, कोरड्या पडलेल्या टाचेवर असतात तशा. मधोमध कुठेतरी रबर घासून चकचकीत झालं असेल, तर गोष्ट उलटी आहे: होज जास्त लांब आहे किंवा चुकीच्या वाटेने नेलाय.

होज दाब सोसायला बनवलेला असतो. आत ईपीडीएम रबराची नळी, तिच्यावर धाग्याची वीण, बहुधा दुपदरी, आणि वरून पुन्हा रबर. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०६ या मानकाप्रमाणे हायड्रॉलिक ब्रेक होजने ४,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब दोन मिनिटं धरायचा असतो, आणि एक अष्टमांश इंच किंवा त्याहून बारीक भोकाचा असेल तर ७,००० पीएसआयच्या आत फुटायचं नसतं. आपण करकचून ब्रेक मारला तरी दाब साधारण हजार-दीड हजारापर्यंत जातो. दाबाच्या बाबतीत पुष्कळ वाव आहे. ओढीच्या बाबतीत मात्र त्याच मानकातली चाचणी ३२५ पौंडांची, म्हणजे दीडशे किलोच्याही आतली. चाकांसकट सॉलिड एक्सल याहून जड भरतो. शिवाय ती चाचणी कोऱ्या होजवर एकदाच होते. आपला होज प्रत्येक खड्ड्यात थोडी थोडी ओढ खातो आणि कॉलरमधली पकड हळूहळू सैल होते. म्हणून तो एकदम तुटत नाही, आधी नुसता ओलावतो.

दोन इंच लिफ्ट, मग दोन इंच लांब होज?

सगळा घोळ या हिशोबात आहे. उभ्या गाडीची उंची होजला कळत नाही. चाक खाली जास्तीत जास्त किती लोंबू शकतं आणि त्या वेळी स्टीअरिंग कुठे आहे, यावर होजची लांबी ठरते.

एक साधं गणित बघा. चासीवरचं टोक आणि चाकाकडचं टोक यांत आडवं ३०० मिलिमीटर अंतर आहे आणि दोन्ही एकाच पातळीत आहेत असं धरू. चाक १०० मिलिमीटर खाली गेलं तर अंतर होतं साधारण ३१६. म्हणजे फक्त १६ मिलिमीटर वाढ. तेच चाक २०० मिलिमीटर खाली गेलं की ३६१. पहिल्या शंभराला १६ आणि पुढच्या शंभराला ४५! आता होज मुळातच उभा, वरून खाली येणारा असेल, तर ३०० चे सरळ ४०० आणि मग ५०० होतात. एकाच लिफ्टवर एकाचा जुना होज वर्षानुवर्षं चालतो आणि दुसऱ्याचा तीन महिन्यांत जातो, याचं कारण इथे आहे. शिवाय आडव्या होजचा ताण शेवटच्या टप्प्यात झपकन वाढतो, त्यामुळे जॅकवर अर्धवट उचलून "आहे की भरपूर ढील" म्हणणं फसवं ठरतं.

आता लिफ्ट कसली केलीय ते आठवा. सॉलिड एक्सलखाली नुसत्या उंच स्प्रिंग घातल्या आणि शॉकअप कंपनीचेच ठेवले, तर चाक खाली लोंबण्याची हद्द बदलत नाही, कारण ती शॉकअप ठरवतो. फक्त गाडी आता त्या हद्दीच्या जवळ उभी असते आणि शॉकअप वारंवार पूर्ण उघडून आपटतो. लांब शॉकअप घातले की हद्द खरोखर खाली सरकते. शॉकअप तिरका किंवा चाकापासून बराच आत बसवलेला असेल, तर एका बाजूचं चाक शॉकअपपेक्षा जास्त उतरतं, हेही धरावं लागतं.

पुढे दोन आर्मचं स्वतंत्र सस्पेन्शन असेल आणि स्ट्रटच्या (एकत्र बसवलेल्या स्प्रिंग-शॉकअपच्या) डोक्यावर स्पेसर, म्हणजे जाड चकती घातली असेल, तर सावध. स्ट्रट खालच्या आर्मच्या मधल्या भागात बसतो, म्हणून स्पेसरच्या जाडीपेक्षा चाकाचं खाली जाणं जास्त, कधी जवळजवळ दुप्पट. मॅकफर्सन स्ट्रट असेल तर होज बहुधा मध्ये स्ट्रटला बांधलेला असतो. तिथे कॅलिपरकडचा तुकडा सोडून द्या, चासी ते स्ट्रट एवढाच तुकडा ताणतो. टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी दांडी) पिळून उंच केलेल्या गाडीत लोंबण्याची हद्द जुनीच राहते.

बॉडी लिफ्टवाल्यांनी, म्हणजे चासी तशीच ठेवून फक्त बॉडी उचलणाऱ्यांनी, चाकाकडच्या होजची काळजी सोडावी. एक्सल आणि चासी यांच्यात काहीच बदललेलं नाही. पण पेडलने दाब तयार करणारा मास्टर सिलिंडर बॉडीबरोबर वर गेला, आणि त्याच्यापासून चासीवर उतरणाऱ्या कडक पाइपांवर ताण आला. ते पाइप बोनेट उघडून बघावेत.

मोजायचं कसं

अर्धा दिवस हाताशी ठेवा. चासीच स्टँडवर घ्या, एक्सल मोकळा सोडा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. जुना होज आधी काढून घ्या आणि उघडी टोकं रबरी टोपीने बंद करा, नाहीतर मोजमाप चालू असताना तोच अडवत राहील. कॉइल असतील तर त्याही काढा, कारण स्प्रिंग असताना एक्सल वर-खाली करणं जिवावर येतं. मग एक्सल जॅकवर धरून सावकाश खाली सोडा, शॉकअप पूर्ण उघडेपर्यंत.

होजच्या जागी त्याच जाडीच्या मऊ वायरीचा एक लांब तुकडा घ्या. एक टोक चासीवरच्या ब्रॅकेटला, दुसरं कॅलिपरपाशी नुसतं हाताने धरायचं. होजने जशी वाट घ्यायला हवी तशीच वाट वायरीला द्या. टेप घेऊन दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजलंत तर फसाल, कारण होज फिटिंगमधून सरळ बाहेर येतो आणि पहिला इंचभर त्याला वळवायचं नसतं. आता स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कॅलिपर चाकाच्या मध्याच्या पुढे किंवा मागे बसलेला असतो, त्यामुळे एका बाजूला वळवलं की तो ब्रॅकेटपासून दूर जातो. वायर जिथे सगळ्यात जास्त ओढली जाते तिथे बोटाने खूण करा.

यावर थांबू नका. सॉलिड एक्सल असेल तर एक बाजू जॅकने वर बंप स्टॉपपर्यंत (एक्सलला वर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) चढवा आणि दुसरी लोंबती ठेवा. शॉकअप चाकांपेक्षा आत असल्यामुळे या तिरप्या अवस्थेत लोंबतं चाक दोन्ही चाकं सरळ लोंबतात त्याहून खाली जाऊ शकतं. माझी खूण इथे आणखी दोन सेंटिमीटर पुढे सरकली. मागच्या एक्सलच्या मधोमध एकच होज असेल तर त्याला तिरपेपणाचा फरक कमी पडतो, पण पाट्यांची गाडी असेल तर दुसरं बघा: चाक उतरताना एक्सल पुढे-मागे सरकतो, आणि जोरात रेस दिली की एक्सल थोडा स्वतःभोवती पिळतो. होजचं खालचं टोक त्याच्याबरोबर फिरतं.

सगळ्यात लांब खुणेवर मी चार-पाच सेंटिमीटर जास्त धरतो. पूर्ण लोंबलेल्या, पूर्ण वळवलेल्या चाकातही होजला डोळ्यांना दिसेल असा बाक उरला पाहिजे. आधी शॉकअप अडला पाहिजे, होज कधीच नाही. एवढा लांब होज मिळतच नसेल, तर एक्सलला पट्टा बांधून चाकाचं लोंबणं मर्यादित करता येतं. तो पट्टाही भाराने थोडा ताणतो, ते धरूनच त्याची लांबी ठरवा.

ब्रॅकेट खाली घ्यायचं की होज लांब घ्यायचा

कमी लिफ्टला चासीवरचं ब्रॅकेट खाली आणून काम भागतं. होज तोच राहतो, त्याचं वरचं टोक खाली येतं. युक्ती चांगली आहे, पण त्या ब्रॅकेटपर्यंत येणारा कडक पाइप वाकवावा लागतो आणि तिथे लोक घाई करतात. स्टीलचा पाइप एकाच जागी दोन-तीनदा वाकवला की ती जागा कडक होऊन तडकते. कंपनीने तिथे एखादं वेटोळं ठेवलं असेल तर तेवढंच उलगडा. जुन्या गाडीत नट गंजून पाइपलाच चिकटलेला असतो. नट फिरवायला जावं तर पाइप पिळला जातो. फ्लेअर नटचा पान्हा वापरा, आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारा, तरीही पाइप पिळला तर तो तुकडा नवा करा. आणि ब्रॅकेट बोल्टनेच बसवा. प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेलं "तात्पुरतं" ब्रॅकेट मी एका गाडीत दोन वर्षं तसंच बघितलंय.

मोठ्या लिफ्टला लांब होज हवाच. घेताना लांबीइतकंच लक्ष टोकांवर द्या. मेट्रिक गाड्यांत एम १० गुणिले १ आटे पुष्कळ ठिकाणी असतात, आणि इंची गाड्यांत तीन अष्टमांश इंचाला २४ आटे. हे दोन इतके जवळचे आहेत की छोटा नट मोठ्या भोकात सुखाने फिरतो, हाताला घट्टही लागतो आणि दाब आला की आटे सोडतो. तसंच पाइपाच्या टोकाचा फुगा: आत दुमडलेला दुहेरी फ्लेअर आणि गोल बुडबुड्यासारखा फ्लेअर एकमेकांच्या बसणीत बसत नाहीत. कितीही आवळा, पाझर राहतोच. जुनं फिटिंग आणि नवं फिटिंग शेजारी धरून बघणं हा यावरचा सोपा उपाय. दोन आखूड होज जोडून एक लांब करायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका.

वरून स्टीलची जाळी असलेल्या होजबद्दल हमखास विचारतात. ते कमी फुगतात, त्यामुळे पेडल जरा कडक लागतं, हे खरं. पण आखूड असेल तर तोही ओढ खाणारच. उघडी जाळी शेजारच्या वायरीला आणि रंगाला कानशीसारखी घासते, आणि वाळूचे कण जाळीत शिरून आतली नळी झिजवतात. घ्यायचाच असेल तर वरून प्लॅस्टिकचं आवरण असलेला घ्या. मी साध्या रबरावर परत आलो, कारण रबरावर भेग दिसते. जाळीच्या आत काय चाललंय ते दिसत नाही.

जास्त लांब झाला की

हेही मीच करून बसलोय. दोन होज वाया गेल्याच्या रागात चांगला वीतभर लांब आणला. लोंबलेल्या चाकात झकास. पण चाक वर चढलं आणि स्टीअरिंग वळलेलं असलं की त्याचा झोल टायरच्या आतल्या कडेला टेकायचा. टायरने रबर तासायला सुरुवात केली होती. म्हणून होज बसवल्यावर उलटी तपासणीही करावी: स्प्रिंग काढलेलीच असताना एक्सल बंप स्टॉपपर्यंत वर घ्या, चाक लावा, होजवर खडू फासा आणि स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. टायरवर, कॉइलवर किंवा शॉकअपवर खडू उतरला तर वाट बदला.

वाट बदलायची एक चांगली पद्धत म्हणजे होज सस्पेन्शनच्या आर्मच्या कडेने नेणे. आर्म चासीला जिथे बिजागरीसारखा फिरतो, त्या जागेजवळून होज ओलांडला तर चाक कितीही वर-खाली झालं तरी तिथे लांबी फारशी बदलत नाही. आर्मवर रबर लावलेली क्लिप घ्या, आणि ती होज दाबून नव्हे, सैल धरून ठेवणारी असू द्या.

बसवताना होजवरच्या रेघा बघा

चांगल्या होजवर लांबीभर दोन समोरासमोरच्या रेघा असतात, त्यातल्या एकीत मजकूर छापलेला असतो. त्या शोभेसाठी नाहीत. चाकं सरळ ठेवून होज जोडला की रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. दोरखंडाच्या पिळासारखी फिरत गेली असेल तर होज मुरगळलाय. सोडा आणि पुन्हा बसवा. मुरगळ म्हणजे कॉलरपाशी कायमचा ताण, लांबी कितीही बरोबर असली तरी. आधी आट्यांचं टोक घट्ट करा, मग ब्रॅकेटची क्लिप, आणि बँजो शेवटी. तांब्याचे दोन्ही वायसर नवे. टॉर्क मॅन्युअलमधलाच.

हवा काढायचा क्रम बहुतेक गाड्यांत लांबच्या चाकापासून जवळच्या चाकाकडे, पण मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर ते ऐका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर स्कॅनर लावल्याशिवाय ती बहुधा निघत नाही, म्हणून काम चालू असताना टाकी रिकामी होऊ देऊ नका. ब्रेकच्या तेलांपैकी डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३, ४ किंवा ५.१ मध्ये ओतायचं नाही. शेवटी पेडल जोरात दाबून दोन-तीन मिनिटं धरा आणि कॉलरपाशी कोरडं बोट फिरवा.

होज बदलूनही त्रास उरला तर

ऑफरोडहून आल्यावर एक चाक गरम, ब्रेक धरून ठेवलेला? ताणलेल्या होजची आतली नळी कधी कधी सुटून झडपेसारखी वागते: दाब जाऊ देते, परत येऊ देत नाही. चाक अडकलेलं असताना होजचा कडक पाइपाकडचा नट जरासा सैल करा. चाक सुटलं नाही, पण कॅलिपरचा हवा काढायचा निपल उघडल्यावर लगेच सुटलं, तर दाब होजमध्येच अडकलाय. बाहेरून होज कितीही चांगला दिसो, फेकून द्या. मागची चाकं घासत असतील तर हँडब्रेकची केबल बघा, लिफ्टने तीही ताणते.

पुढचे पॅड लवकर संपतात आणि मागचा ब्रेक लागल्यासारखा वाटत नाही, ही तक्रार वेगळी. बऱ्याच गाड्यांत मागच्या एक्सलपासून एक दांडी चासीवरच्या व्हॉल्व्हला जाते. माल भरला की चासी खाली बसते, दांडी व्हॉल्व्ह उघडते आणि मागच्या चाकांना जास्त दाब मिळतो. लिफ्टनंतर हे अंतर कायमचं वाढतं, व्हॉल्व्हला गाडी सदैव रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमजोर पडतो. दांडीच्या टोकाला मागच्या लिफ्टइतकं ब्रॅकेट द्यावं लागतं किंवा मॅन्युअलप्रमाणे तिची लांबी जुळवावी लागते. होज बदलून यात काहीच फरक पडत नाही, आणि लोक नेमका होजच बदलत बसतात.

माझा चौथा होज आता दीड वर्ष झालं, कॉलरपाशी कोरडा ठाक आहे. तो घातल्यावर दोनच आठवड्यांनी एबीएसचा दिवा लागला. चाकाच्या सेन्सरची वायर पहिल्यापासून होजलाच क्लिपने बांधलेली, आणि तिची लांबी मी मोजलीच नव्हती.